मास्तरांची डिस्क दिसेना

कटिंग मास्तरांचा कोणावरही विश्वास नव्हता, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. आणि गल्लीला ते कोणी सांगितलं असावं, याचाही मास्तरांना संशय होता. माणूस वाईट नव्हे. पाठीला पोक आलेल्या गिऱ्हाईकाला ते असा कोट कापून देत की आरशासमोर उभा राहिल्यावर तो स्वतःलाच ओळखत नसे. पण कापताना मास्तर दाराकडे पाठ करत आणि टेबलावर असे वाकत, की शेजारी उभं राहणाऱ्याला फक्त त्यांची कोपरं दिसावीत. दुकानाच्या खिडकीची खालची काच त्यांनी रंगवून टाकली होती. उजेड यावा, नजर येऊ नये, असा त्यामागचा विचार.

हा स्वभाव काही ते आईच्या पोटातून घेऊन आले नव्हते. तरुणपणी ज्या उस्तादाच्या हाताखाली त्यांनी काम केलं, त्याने निरोप देताना मोठ्या प्रेमाने कोटाचा एक पॅटर्न भेट दिला. पॅटर्न म्हणजे कापडावर ठेवून खडूने आखायचा पुठ्ठ्याचा साचा. कापणाऱ्याची सगळी विद्या त्यात असते. मास्तरांनी त्यावरून पहिला कोट शिवला तो स्वतःच्या लग्नासाठी. हँगरवर कोट राजासारखा दिसत होता. पाहुण्यांना निरोप द्यायला नवऱ्या मुलाने हात वर केला आणि दोन्ही काखांत कोट टर्रकन उसवला. उस्तादाने मुंढा, म्हणजे बाही खांद्याला जिथे जोडतात ती गोलाई, मुद्दाम अर्धा इंच चुकवून दिली होती. लोक हसले, नवरीही हसली. ती आजही ती गोष्ट कोणी विचारलं नाही तरी सांगते.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मास्तर तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले. उस्तादाचा राग करता करता त्यांनी उस्तादाचीच रीत उचलली: कोणालाही पॅटर्न द्यायची वेळ आली, तर मुंढा अर्धा इंच चुकवूनच द्यायचा. त्यांच्याकडे बरीच वर्षं काज-बटणाचं काम करणारा एक कारागीर एक दिवस साळसूदपणे सोडून गेला आणि समोरच्याच फुटपाथवर त्याने स्वतःचं दुकान थाटलं. त्याचं नाव मास्तर घेत नसत, त्याला ‘काजबटण’ म्हणत. काजबटणाने जाताना एक पॅटर्न मागून नेला होता. त्याच्या पहिल्या गिऱ्हाईकाने बसमध्ये वरची दांडी धरली आणि पुढचं सांगायला नकोच. मास्तरांनी ती बातमी ऐकून दुकानातल्या सगळ्यांना चहा पाजला.

पूर्वी मास्तरांचे खरे पॅटर्न पुठ्ठ्याचे असत आणि कुलपातल्या कपाटात हुकांना टांगलेले असत. काजबटण गेल्यावर त्यांना पुठ्ठ्याची भीती वाटू लागली. पुठ्ठा कोणीही शर्टाखाली दडवून नेईल. तेव्हा बाजारात एक जण पॅटर्न कॉम्प्युटरमध्ये भरून देत असे. मास्तर त्याच्याकडे गेले आणि काम संपेपर्यंत त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसले. तो जेवायला उठला की हे उठत, तो हात धुवायला गेला की हे नळापाशी उभे. सगळे पॅटर्न त्यांनी एका काळ्या डिस्कमध्ये भरून घेतले. कॉम्प्युटरला बाहेरून वायरने जोडायची, वहीच्या निम्म्या आकाराची डिस्क. मग त्याच्या कॉम्प्युटरमधून सगळं पुसायला लावलं, आणि पुसल्यावर पुन्हा एकदा पुसायला लावलं. घरी येऊन स्वतःच्या हाताने सगळ्या पुठ्ठ्यांचे बारीक तुकडे केले. बायको म्हणाली, अहो, निदान आणखी एक कॉपी तरी करून ठेवा. मास्तर म्हणाले, एक कॉपी म्हणजे एक चोर, दोन कॉप्या म्हणजे दोन चोर. त्या दिवसापासून त्यांचं आयुष्यभराचं कसब त्या काळ्या डबीत होतं आणि दुसरीकडे कुठेही नव्हतं.

राहता राहिली लेक. एकुलती एक, आणि हातात बापासारखीच सफाई. ती दुकानातच वाढली. काज, कॉलर, खिसे, अस्तर सगळं शिकली. पण मुंढा आखायची वेळ आली की मास्तरांना नेमकी तहान लागायची आणि ते तिला पाणी आणायला पाठवायचे. ती परत येईपर्यंत मुंढा कापून झालेला असे. पुढे तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला एक खोली भाड्याने घेऊन स्वतःचं दुकान उघडलं. जाताना तिने बापाकडे पॅटर्न मागितले. मास्तरांनी दिलेही. कसे दिले, ते पुढे येईलच.

गेले कित्येक महिने मास्तरांकडे साध्या शर्टांचंच काम होतं. त्याला डिस्क लागत नसे. मग एका हॉटेलची ऑर्डर आली: दारवान, वाढपी, मॅनेजर, सगळ्यांना नवे कोट, आणि आठवड्याच्या आत पहिले नमुने. असं काम हातून गेलं तर समोरच्या फुटपाथवर जाणार, हे उघड होतं. मास्तरांनी सकाळी दुकानाचं दार आतून लावून घेतलं, कपाट उघडलं, अस्तराच्या कापडाची शिवलेली पिशवी काढली, पिशवीतून डिस्क काढली आणि वायर कॉम्प्युटरला जोडली. डिस्कवरचा निळा दिवा लागला. कॉम्प्युटरवर मात्र काहीच आलं नाही.

मास्तरांनी वायर काढून पुन्हा लावली. दिवा लागला. कॉम्प्युटर ढिम्म. त्यांनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. डिस्क उलटी ठेवून पाहिली, मग उभी ठेवून पाहिली, मग हलकेच टेबलावर आपटून पाहिली, आणि आपटल्यावर स्वतःच घाबरले. दिवा आपला निळा तो निळाच. डिस्कला वीज मिळते आहे, ती जिवंत आहे, आणि तरी कॉम्प्युटर तिला ओळख दाखवत नाही! मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. यंत्र काही आपणहून माणसाशी वाकडं वागत नाही. वागतं, तेव्हा त्यामागे कोणाचा तरी हात असतो.

दार वाजलं. बायको चहा घेऊन आली होती. तिने कॉम्प्युटरकडे पाहिलं, मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, वायर सैल असेल. मास्तर एकदम सावध झाले. वायर सैल असू शकते, हे हिला कसं ठाऊक? त्यांनी तसं विचारलंही. ती म्हणाली, पंख्याची असते, इस्त्रीची असते, म्हणून म्हटलं. उत्तर बिनतोड होतं, आणि बिनतोड उत्तराचाच मास्तरांना जास्त संशय येई. तिने लेकीसाठी काही केलं नसेल ना? मायलेकींचं फोनवर तासन्‌तास काय बोलणं चालतं? चहा निवून गेला, तो मास्तरांनी तसाच प्यायला.

दुपारपर्यंत त्यांचं मनातल्या मनात निम्म्या शहराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून झालं. गेल्या महिन्यात नळ दुरुस्त करायला आलेला माणूस कपाटाशेजारीच उकिडवा बसला होता. वीजमीटर बघायला आलेली बाई गरजेपेक्षा जास्त वेळ थांबली होती. आणि काजबटण? तो तर परवाच कात्रीला धार लावणाऱ्याचा पत्ता विचारायला उंबऱ्यापर्यंत आला होता. स्वतःचं दुकान असलेल्या माणसाला धारवाल्याचा पत्ता माहीत नसतो का? सुतावरून स्वर्ग गाठायला शिंप्याइतकं सूत कोणाजवळ असतं? मास्तर भराभर चढत गेले.

संध्याकाळी डिस्क पिशवीत घालून, पिशवी सदऱ्याच्या आत छातीशी धरून, ते दोन गल्ल्या पलीकडच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. दुरुस्तीवाला सडपातळ, सदा सर्दी झालेला माणूस होता. त्याच्या टेबलावर पोट फाडलेले कॉम्प्युटर मांडून ठेवलेले होते. तो म्हणाला, ठेवून जा काका, उद्या बघतो. मास्तर म्हणाले, मी बसतो. तो म्हणाला, वेळ लागेल. मास्तर म्हणाले, मला वेळच वेळ आहे. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढून ते त्याच्या खांद्याला खांदा लावून बसले.

दुरुस्तीवाल्याने घाई केली नाही. आधी त्याने वायर बदलली; म्हणाला, दहातल्या पाच वेळा खोट वायरीतच असते. ‘खोट’ हा शब्द ऐकून मास्तरांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग त्याने वायर कॉम्प्युटरच्या पुढच्या बाजूऐवजी मागच्या बाजूला लावली, कारण पुढे कधीकधी वीज कमी पडते. मग दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली. कॉम्प्युटरला जोडलेल्या सगळ्या डिस्कांची यादी दाखवणारी एक खिडकी त्याने उघडली आणि सांगितलं, की डिस्कचं नुसतं नाव हरवलं असेल किंवा आतला मजकूर बिघडला असेल, तरी ती इथे दिसतेच. यादीत ती नव्हती. शेवटी त्याने डिस्क उचलून कानाला लावली, आपण घड्याळ लावतो तशी.

तो म्हणाला, फिरत नाहीये. दिवा लागतो तो बाहेरच्या डबीचा. आतली चकती मेलेली आहे. मग त्याने मास्तरांना विचारलं, उघडू का. मास्तरांनी बराच विचार करून होकार दिला आणि स्टूल आणखी पुढे घेतलं.

डबीचं झाकण निघालं. आत लोखंडी पत्र्याची चपटी पेटी होती, स्क्रू गंजलेले, आणि पेटीवर तेलकट खडूने मोठी पांढरी फुली मारलेली. दुरुस्तीवाल्याने नाक पुसलं आणि फुलीवरून बोट फिरवलं. मास्तरांना वाटलं, सापडला चोर.

“काका, ही फुली आम्ही मारतो,” तो म्हणाला. “दुरुस्त होणार नाही अशी डिस्क भंगारात टाकताना. म्हणजे दुसऱ्या कोणाला ती चुकून विकली जाऊ नये. ही तुमच्याकडे चालू कधी होती?”

“सात-आठ महिन्यांपूर्वी.”

“शक्यच नाही. ही कित्येक वर्षांपूर्वी मेलेली आहे. तुमच्या डबीत कोणीतरी भंगार घालून ठेवलंय.”

मास्तर ताडकन उठणार होते. ओठांवर काजबटणाचं नावही आलं होतं. पण फुलीकडे बघता बघता ते जागीच बसून राहिले. ही फुली त्यांनी पाहिली होती. ही भंगारातली डिस्क ते स्वतः विकत घेऊन आले होते.

झालं होतं ते असं. खरी डिस्क तयार झाल्यावर मास्तरांना वाटलं, चोर आला तर त्याच्या हाती काहीतरी लागायला हवं, नाहीतर तो शोधत राहील. म्हणून त्यांनी भंगारवाल्याकडून एक मेलेली डिस्क आणली, खरीसारखीच काळी डबी पैदा केली आणि आत बसवली. दोन्हींना एकाच अस्तराच्या दोन पिशव्या शिवल्या. खरी कपाटात, नकली टेबलाच्या खणात. पण मग वाटलं, कपाट तर चोर आधी फोडणार. म्हणून नकली कपाटात आणि खरी खणात. काजबटण दारापर्यंत येऊन गेला की पुन्हा अदलाबदल. पाहुणे येऊन गेले की पुन्हा. डब्यांवर खूण मात्र त्यांनी कधी केली नाही, कारण आपल्याला कळेल ती खूण चोरालाही कळेल. सगळं डोक्यात ठेवलं, आणि डोक्यावर मात्र मास्तरांचा पूर्ण विश्वास होता. उभ्या आयुष्यात त्यांनी विश्वास ठेवला तो तेवढ्या एकाच जागी.

आणि लेकीने पॅटर्न मागितले तेव्हा? बायको पंधरवडाभर मागे लागली होती, पोटच्या पोरीला तरी द्या. नाही म्हणायची सोय नव्हती, द्यायचं मन नव्हतं. तेव्हा मास्तरांनी ठरवलं, की नकली डिस्क द्यायची. पोरीने लावून पाहिली की चालणार नाही, ती परत घेऊन येईल, आपण हळहळायचं, अरेरे, सगळे पॅटर्न गेले की गं म्हणायचं, आणि विषय कायमचा मिटेल. बायकोपुढे वाईट व्हायला नको. खणातली पिशवी काढून त्यांनी लेकीच्या हातात दिली. लगेच लावून बघू नये म्हणून पिशवीचं तोंड बारीक टाक्यांनी शिवून दिलं आणि सांगितलं, धूळ लागू नये म्हणून शिवलंय.

ती परत आलीच नाही. एक महिना गेला, दोन गेले. फोनवर बोले, आईची विचारपूस करी, पण डिस्क चालत नाही असं चकार शब्दाने म्हणाली नाही. त्याचंही मास्तरांना नवल वाटलं होतं. आता दुरुस्तीवाल्याच्या स्टुलावर बसून त्यांना सगळा उलगडा झाला. मेलेली डिस्क त्यांच्यापाशीच राहिली होती. खरी लेकीकडे गेली होती, आणि ती चालत होती म्हणूनच लेक गप्प होती! काखेत कळसा आणि गावाला वळसा. बापाची चूक तिच्या लक्षात आली असणार, आणि ताकास तूर लागू न देता ती आठ महिने मास्तरांच्या मुंढ्यांवर कोट शिवत बसली असणार. मास्तरांना राग आला, भीती वाटली, आणि कुठेतरी तळाशी थोडं कौतुकही वाटलं. शेवटी पोर कोणाची?

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते निघाले. बायकोला सांगितलं, अस्तर बघायला चाललोय. बसमध्ये खिडकीशी बसून त्यांनी आखणी केली. एकदम विचारायचं नाही. आधी हवापाणी, मग धंद्याची चौकशी, आणि बोलता बोलता हँगरवरचे कोट बघायचे. आपला मुंढा आपल्याला अंधारातही ओळखता येईल. तो दिसला की मग डिस्कच्या विषयाला हात घालायचा.

लेकीचं दुकान एका लाँड्रीशेजारी होतं. मास्तर याआधी तिथे एकदाच आले होते, उद्घाटनाला, आणि तेव्हा लोकांची गर्दी होती. आता त्यांना पहिली गोष्ट खटकली ती ही, की तिने कापायचं टेबल थेट खिडकीला लावलं होतं. काच स्वच्छ पुसलेली. येणारा-जाणारा कोणीही उभा राहून बघू शकेल. खरंच एक म्हातारी बाई लाँड्रीतले कपडे हातावर टाकून बाहेर उभी होती आणि आत चाललेलं काम मजेत बघत होती. लेक खडूने मुंढा आखत होती, आणि तिला कशाचीच फिकीर नव्हती.

तिने बापाला बघून खडू ठेवला, खुर्ची पुसून दिली, आई कशी आहे ते विचारलं. मास्तर बसले, हवेबद्दल बोलले, लाँड्रीच्या वाफेबद्दल बोलले, आणि बोलता बोलता मापाच्या पुतळ्यावर चढवलेल्या कोटाजवळ गेले. मुंढा बघितला. बोट फिरवून पाहिलं. मुंढा उत्तम होता. पण तो त्यांचा नव्हता. मागच्या बाजूला जरा खोल आणि पुढे उथळ. त्यांनी असा कधी कापला नव्हता. मास्तरांचा संशय दुणावला. ओळखू येऊ नये म्हणून पोरीने बदलला. त्यांनीही हेच केलं असतं.

सगळी आखणी बाजूला राहिली. त्यांनी कोटाकडेच बघत विचारलं, की ती डिस्क, ती मी दिलेली, ती चालते ना नीट.

 लेकीने बटणांच्या डब्याखालचा खण ओढला, त्यात हात घातला आणि अस्तराच्या कापडाची पिशवी काढून टेबलावर ठेवली. पिशवीचं तोंड शिवलेलं होतं. बारीक, एकसारखे, तिरपे टाके. एकही टाका तुटलेला नव्हता. स्वतःचे टाके मास्तरांनी लगेच ओळखले.

“उघडली नाहीस?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“आठ महिने? का?”

लेकीने पिशवीवरून हात फिरवला, कापडाची सुरकुती काढतात तसा. ती चिडली नव्हती. चिडली असती तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

“बाबा, मुंढा आला की तुम्ही मला पाणी आणायला पाठवायचा,” ती म्हणाली. “मी लहान होते, पण मला कळायचं. तुम्ही एका दिवसात सगळं उचलून मला द्याल? एकतर आत काही नसणार, नाहीतर असलं तर कुठेतरी अर्धा इंच कमी असणार. लावून बघितलं असतं तर काय ते कळलं असतं. मला कळायला नको होतं. टाके उसवले नव्हते तोवर म्हणता येत होतं, की माझ्या बाबांनी मला त्यांचं सगळं दिलंय. मी सांगायचे पण लोकांना. आईलासुद्धा सांगितलं, की चालते म्हणून.”

मास्तर खुर्चीत बसले. रस्ताभर त्यांनी जे ठरवत आणलं होतं, त्यातलं एकही वाक्य आता उपयोगाचं नव्हतं. त्यांना लाज वाटली. लग्नाच्या मांडवात काखा उसवल्या तेव्हा वाटली होती त्याहून जास्त वाटली, कारण तेव्हा खोटेपणा दुसऱ्याचा होता.

त्यांनी टेबलावरची टाके उसवायची आकडी घेतली आणि पिशवीचं तोंड उसवलं.  डिस्क काढली, लेकीच्या कॉम्प्युटरला लावली. निळा दिवा लागला, आत बारीक घरघर सुरू झाली, आणि पडद्यावर लगेच डिस्कचं चित्र उमटलं. वायर दुसऱ्यांदा लावावीही लागली नाही. मास्तरांनी यादी उघडून दाखवली: कोट, बंद गळ्याचा कोट, लांब कोट, पोक आलेल्या पाठीचा, एका खांद्याने खाली असलेल्या माणसाचा. चाळीस वर्षं त्यात ओळीने उभी होती. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. आणि पडल्या पडल्या त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत नव्हती. त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि त्या चेहऱ्यावरची सुटका तिने वाचली होती.

“म्हणजे चुकून दिलीत,” ती म्हणाली.

मास्तरांजवळ खोटी उत्तरं नेहमी तयार असत. आत्ताही दोन-तीन होती, आणि त्यातलं एक तर फार गोड होतं. पण ते त्यांच्याने बोलवेना.

“हो,” ते म्हणाले. “तुला मेलेली द्यायची होती. भंगारातली. अदलाबदल झाली.”

लेकीने मान हलवली. बाहेरची म्हातारी बाई केव्हाच निघून गेली होती. लेकीचे डोळे भरून आले, पण तिने ते पुसले नाहीत. तिने डिस्क काढून पिशवीत घातली आणि पिशवी बापासमोर सरकवली. तुमची ऑर्डर अडली असेल, घेऊन जा, एवढंच म्हणाली. मास्तरांनी पिशवी घेतली नाही.

“आधी तू उतरवून घे,” ते म्हणाले. “सगळं. हवं तर मी दिवसभर बसतो. यात खोट नाही गं. एकाही मुंढ्यात नाही. हे मी कोणासाठी केलेले नाहीत, माझ्या स्वतःसाठी केलेले आहेत.”

 लेकीचा हात एकदा पिशवीकडे पुढे आला आणि टेबलाच्या कडेवरच थांबला.

“असेलही, बाबा,” ती म्हणाली. “पण मला कसं कळणार?”

मास्तरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ‘डोळे झाकून काप’ हे शब्द जिभेवर आले होते. आजवर जितके खोटे पॅटर्न त्यांनी लोकांच्या हातात ठेवले, त्या प्रत्येकाबरोबर त्यांनी नेमके हेच शब्द दिले होते. त्यांनी तोंड मिटलं. लेक उत्तराची वाट बघत उभी होती, तिला ते खरंच हवं होतं, आणि मास्तरांजवळ द्यायला दुसरे शब्दच नव्हते.